रकाना चौथा : अडचण नाही

मार्च आला हे आमच्या पिंपरीत भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतं. थंडीभर औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास जमिनीला चिकटून बसलेला असतो. ऊन तापलं की तो उठतो, अंग झटकतो आणि गावभर हिंडायला लागतो. पवनेच्या काठच्या सावरींना लाल फुलं येतात. करंजांची जुनी पानं रस्त्यावर खरखरत पळतात आणि आठ दिवसांत त्याच फांद्यांवर अशी तुकतुकीत पालवी येते, की झाडांना कुणी नवे युनिफॉर्म वाटलेत असं वाटावं. घराघरातला रेडिओ एकदम हळू बोलायला लागतो, कारण प्रत्येक चाळीत कुणाची ना कुणाची परीक्षा असते.

परवा अशाच एका संध्याकाळी मी चहाची बशी तोंडाला लावून बसलो होतो आणि माझी पुतणी मंजू कॉलेजातून एक कागद नाचवत आली.

"काका, विद्यापीठाकडून आलाय. भरून द्यायचाय. तुम्ही एवढी नाटकं लिहिता, सांगा जरा काय लिहू."

कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'विद्यार्थ्यांचा अनुभव : एक पाहणी'.

चहा पायजम्यावर सांडला. मी हसत सुटलो.

"हसताय काय?" मंजू म्हणाली.

"हसत नाहीये," मी म्हणालो आणि आणखी हसलो. मग ते हसू मधेच कुठंतरी अडकलं. का अडकलं ते मला तिला सांगता येईना. माझं हे असंच आहे. घरच्यांपुढे माझी वाचा बसते आणि परक्यांपुढे पडदा वर जातो. म्हणून ते आता तुम्हाला सांगतो.

बारा वर्षांपूर्वीचा मार्च. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, लेथ मशीनवर टर्नर होतो, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी खलनायक होतो, आणि संध्याकाळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होतो. कॉलेज नवं होतं. इतकं नवं, की त्याला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. सकाळी जिथं प्राथमिक शाळा भरायची तिथंच संध्याकाळी आमचं कॉलेज भरायचं. बाकं चौथीतल्या पोरांच्या मापाची. आम्ही दणकट बाप्ये त्यात गुडघे दुमडून बसायचो आणि उठताना बाक आमच्याबरोबर उठायचं. भिंतीवर 'अ अननसाचा' असा तक्ता होता. त्या अननसाखाली उभं राहून अर्थशास्त्राचे सर मागणीचा नियम सांगायचे. आजही कुणी 'मागणी' म्हटलं की मला अननस दिसतो.

वर्गात वास असायचा तो ग्रीसचा, कूलंटचा आणि कितीही घासला तरी न जाणारा लोखंडाच्या किसाचा. सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीतले. पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, त्यामुळे वर्गही दर आठवड्याला बदलायचा. एका आठवड्यात निम्मी तोंडं, पुढच्या आठवड्यात उरलेली निम्मी. बिचारे सर प्रत्येक धडा दोनदा शिकवायचे. आम्हा कायम दिवसा काम करणाऱ्या जनरल शिफ्टवाल्यांना तो दोन्ही वेळा ऐकावा लागे. आमचं ज्ञान पक्कं झालं ते बुद्धीमुळे नव्हे, पाळ्यांमुळे.

या वर्गात दाराजवळच्या शेवटच्या बाकावर इंदू सोनवणे बसायची. म्हणजे, पोचल्यावर बसायची.

इंदूताई भोसरीच्या बाजूला एका कंपनीत कॉइल वाइंडिंग करायच्या. केसाहून बारीक तांब्याची तार बोटांनी सांभाळत गुंडाळायची, दिवसभर. वडील फाउंड्रीत, घरात सगळ्यांत शिकलेली हीच. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे, बल्बभोवती तिला दोन-दोन गोल दिसायचे. तिच्या कंपनीच्या ऑफिसात पदवी झालेल्यांना घेत होते. बी.ए. झालं की तार सुटणार, खुर्ची मिळणार, असं तिचं सरळ गणित. "एक वर्ष जास्त लागलं तर एक वर्ष जास्त तार," ती म्हणायची आणि डोळे पुसायची. रडत नसायची, चुरचुरायचे म्हणून.

आता या गणितातली गाठ अशी. तिची कंपनी पाचला सुटायची. पहिला तास साडेपाचचा, इंग्रजीचा. कागदावर अर्धा तास मोकळा! पण तांब्याच्या तारेची कंपनी. फाटकावर प्रत्येकीची झडती व्हायची आणि बायकांची झडती घ्यायला बाई एकच. पिशवी, डबा, पदर, सगळं बघून सोडेपर्यंत सव्वापाच. मग बस. ती लगेच मिळाली तर हजेरी सापडायची, हुकली की कॉलेजच्या दारात पाच-चाळीसला, धापा टाकत. आणि इंग्रजीचे कारखानीस सर हजेरी घ्यायचे साडेपाच ते पाच-पस्तीस. त्यानंतर वही बंद. कारखान्यांच्या या गावात आडनावाचे एकटे कारखानीस, पण त्यांनी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. पुण्याहून यायचे, तास घ्यायचे, पुण्याला जायचे.

दार किलकिलं व्हायचं. सर चष्म्यावरून बघायचे. "मिस सोनवणे, लेट अगेन."

"सॉरी सर."

इंग्रजीच्या तासाला तिनं वर्षभर सगळ्यांत जास्त जी दोन वाक्यं बोलली-ऐकली ती ही. दुसऱ्या पाळीवाल्यांना कंपनीचं पत्र आणलं की सवलत मिळायची, कारण त्या वेळेला ते मशीनवर असतात हे पत्रावर लिहिलेलं असायचं. हिच्या पत्रावर लिहिलेलं होतं, 'कामाची वेळ संध्याकाळी पाचपर्यंत'. झडतीची वेळ कोण लिहितो? हजेऱ्या ठरलेल्या प्रमाणात भरल्या तरच टर्म मिळणार, टर्म मिळाली तरच परीक्षेला बसता येणार. ती बाकी सगळ्या विषयांत भरली होती. इंग्रजीत तुटत चालली होती, दहा-दहा मिनिटांनी.

अशा वेळी तो कागद आला.

फेब्रुवारी संपत होता. कारखानीस सरांनी एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. वर्गाचा प्रतिनिधी मीच होतो. आवाज मोठा असलेल्या माणसाला लोक बिनविरोध निवडून देतात. सायक्लोस्टाइल केलेले कागद, शाईचा ओलसर वास, बोटं निळी. "वाटा, भरून घ्या, आठवड्यात परत द्या. युनिव्हर्सिटीला जाणून घ्यायचं आहे," एवढं बोलून सर स्टाफरूममध्ये गेले. काय जाणून घ्यायचं आहे ते सरांनाही कुणी सांगितलं नसावं.

विद्यापीठाचा हेतू अगदी सोन्यासारखा होता, हे आज मला कळतं. मुलांना शिकताना कसं वाटतं, कुठं अडतं, शिक्षक कसे आहेत, हे मुलांनाच विचारावं, आणि मग त्याप्रमाणे सुधारणा करावी. इतका साधा विचार. पण प्रश्नालासुद्धा गाव असतं हो! पुण्यातून निघालेला प्रश्न दापोडीचा पूल ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ बदलला होता.

वर लिहिलं होतं 'अनुभव'. आता तुम्हीच सांगा. आमच्या गावात प्रत्येक फाटकावर पाटी : 'टर्नर पाहिजे, अनुभव दोन वर्षे'. 'फिटर पाहिजे, अनुभव तीन वर्षे'. अनुभव ही गोष्ट आम्ही वर्षांतच मोजत होतो. अनुभवाचा दाखला असायचा, त्यावर शिक्का असायचा. कुणाला काय 'वाटतं' याला अनुभव म्हणतात हे आमच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं.

मी सरांच्या खुर्चीमागे, अननसाखाली उभा राहिलो. समोर चाळीस माणसं, हातात कागद, आणि मला बोलायला वेळ दिलेला. यापुढे जे झालं त्यात अर्धं मला मनापासून वाटत होतं आणि अर्धं बोलता बोलता तयार झालं.

"मित्रहो!" मी गरजलो. "हा साधा कागद नव्हे! विद्यापीठ तुमचा अनुभव विचारतंय. कशासाठी? उगाच? पदवी आणि अनुभव एकत्र झाले की कंपन्यांना यादी जाणार! सुपरवायझर कुठून घेतात मग? वर्षं नीट लिहा, हेल्परकीची धरून लिहा, महिने सोडू नका!"

टाळ्या पडल्या. माझ्या खलनायकाच्या कामालाही इतक्या कधी पडल्या नव्हत्या.

मग चाळीस माणसं खाली मान घालून लिहू लागली. 'आपला अनुभव थोडक्यात लिहा' : लेथ मशीन, चार वर्षे. 'आपला अनुभव थोडक्यात लिहा' : वेल्डिंग, अडीच वर्षे, पैकी सहा महिने टेंपररी. सुरुवातीला सूचना होती, 'नाव लिहू नये'. त्यावरून गोंधळ. नाव नाही तर मग ओळखणार कसं? एकानं विचारलं, "मधूभाऊ, नाव नको तर कंपनीतला टोकन नंबर टाकायचा असंल?" मी म्हणालो, "अर्थात!" एक सोडून सगळ्यांनी आपापला टोकन नंबर टाकला. गुप्त राहण्याची सोय आम्ही अशी पहिल्याच ओळीत निकालात काढली.

तिसरा रकाना, 'शिक्षकांविषयी आपले मत'. पुन्हा एक सोडून सगळ्यांचं उत्तर : 'चांगले आहेत'. साहेबाविषयी लेखी मत कोण देतो?

चौथा रकाना, 'शिक्षण घेताना येणाऱ्या अडचणी'.

पेनं थांबली. माझ्या डोळ्यांपुढे माझीच मुलाखत आली. साहेब टेबलापलीकडून विचारतो, पाळ्या करायला काही अडचण? लांब राहता, काही अडचण? उत्तर एकच असतं. अडचण आहे म्हणणारा माणूस कायम होत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक.

इंदूताई उशिरा आल्या होत्या, माझं भाषण हुकलं होतं. त्यांनी बाकावरून हळूच विचारलं, "मधूभाऊ, इथं पहिल्या तासाचं लिहू का? झडतीचं? हजेरी शेवटी घ्या म्हणून लिहिते."

"इंदूताई!" मी छातीवर हात ठेवला. "घात कराल! हे कागद वर जाणार. टोकन नंबर आहे त्यावर. अडचण लिहिलीत की नाव लाल शाईत."

"पण विचारलंय ना त्यांनी?"

"विचारतात. सगळेच विचारतात. म्हणून काय सांगायचं असतं?"

पेन कागदावर टेकलेलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी लिहिलं, 'अडचण नाही'. अक्षर त्यांच्या कॉइलसारखं, एकसारखं, घट्ट. मी पाठ थोपटल्यासारखं हसलो.

इथं थांबून मंजूकडे बघतो. तिनं तोवर दोन पानं भरली होती. कँटीनचा चहा, ग्रंथालयातल्या बाईंचा स्वभाव, पंखा, मुलींच्या खोलीची कडी. "एवढं लिहायचं?" मी म्हणालो. "विचारलंय तर लिहायला नको?" ती म्हणाली. बारा वर्षांनी तेच वाक्य. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, आणि या दोन्हींतलं खरं कुठलं ते काही केल्या कळेना.

परत त्या वर्गात चला, कारण एक कागद राहिला. बबनचा. बबन जुन्या गावठाणातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला 'अनुभव' या शब्दाशी घेणंदेणं नव्हतं. तो दुसऱ्याच शब्दावर घाबरून थांबला होता.

"आवं मधूभाऊ, ही पाहणी लिव्हलीया न्हवं?"

"हो. मग?"

"मग काय! आमच्या रानात आदी पाहणी आली. मागनं खुंट्या आल्या. मागनं कंपनी आली. आता कालेजात पाहणी आलीया. ह्ये कालेज बी जानार बगा."

"अरे बाबा, ही ती पाहणी नव्हे."

"तवा बी असंच म्हनले हुते. आमच्या बापानं हरकत न्हाई घेतली, मुदत ग्येली. मी चुकनार न्हाई, राव."

आणि त्यानं चारही रकान्यांत, ठसठशीत अक्षरांत, एकच उत्तर लिहिलं : 'आमची हरकत आहे'.

पंधरा दिवसांनी विद्यापीठातून एक तरुण गृहस्थ आले. नाव मराठे. गळ्याशी बटण लावलेला सदरा, हातात आमच्या कागदांचा गठ्ठा, आणि चेहऱ्यावर असा भाव, जसा चुकीच्या लग्नात जेवायला बसलेल्या माणसाचा असतो. कारखानीस सरांच्याच तासाला त्यांना वर्गात आणलं. हजेरी झालेली होती. वही बंद होती.

"तुमच्या कॉलेजनं आम्हाला फार बुचकळ्यात टाकलं," मराठे म्हणाले. "पुण्यातली मुलं चार-चार पानं तक्रारी लिहितात. इथं एकालाही अडचण नाही. सगळे शिक्षक चांगले. आणि अनुभव विचारला तर..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, "...शेपिंग मशीन, तीन वर्षे. हे काय आहे?"

"अनुभव," चारजण एकदम म्हणाले.

"तसा नव्हे हो! शिकण्याचा अनुभव!"

"तीन वर्षं शिकलो की त्याच मशीनवर," मागून आवाज.

कारखानीस सर रुमालानं चष्मा पुसू लागले. मराठ्यांनी दुसरा कागद काढला. "आणि संपूर्ण कॉलेजात असमाधानी विद्यार्थी फक्त एक. टोकन नंबर नाही, काही नाही. फक्त हरकत. ते कोण?"

बबन उठला, बाकासकट.

"तुमची कशाला हरकत आहे?"

"पाहणीला."

"पण पाहणी तुमच्यासाठीच आहे!"

"आमच्या रानाची बी आमच्यासाठीच हुती," बबन म्हणाला.

वर्ग फुटला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं, कारण या सगळ्या नाटकाचा लेखक मी होतो आणि ते कुणाला कळलं नव्हतं. त्या हशातच दार किलकिलं झालं. पाच-चाळीस.

"मिस सोनवणे, लेट अगेन," सर सवयीनं म्हणाले.

"सॉरी सर."

मराठ्यांनी वळून बघितलं. "बसा, बसा. तुम्हालाही विचारतो. चौथ्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं होतं?"

"अडचण नाही, असं लिहिलं होतं."

"आणि आहे का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रस्त्यात दोन पाट्या दिसल्यावर माणूस बघतो तसं.

"लिहायची का बोलायची?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"लिहायची असेल तर नाही. बोलायची असेल तर हीच. मी आत्ता आले ना, ही."

मग तिनं सांगितलं. फाटक, एकच बाई, पिशवी, डबा, पदर, बस. आवाज न चढवता, वर्ग झाडून काढावा तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सरांचा हात चष्मा पुसता पुसता थांबला.

"झडती?" सर म्हणाले. "रोज?"

"रोज, सर."

"पण तुम्ही पाचला सुटता ना? माझ्याकडे पत्र आहे तुमचं."

"पाचला मशीन सुटतं, सर. आम्ही सव्वापाचला सुटतो."

मराठ्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मग अगदी सज्जनपणे म्हणाले, "तोंडी सांगितलेलं मला पाहणीत धरता येत नाही. आकडे पाठवून झालेत. पण तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे." आणि ते गेले. त्यांच्यावर राग धरावा असं काही नव्हतं. ते बिचारे आमच्याहून गोंधळलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून कारखानीस सर हजेरी तासाच्या शेवटी घेऊ लागले. कारण त्यांनी कधीच सांगितलं नाही. कुणी म्हणालं, विद्यापीठाचा आदेश आला. कुणी म्हणालं, सरांची गाडी आता उशिरा येते. मी अर्थातच सांगत सुटलो की माझ्या कागदामुळे झालं. नीट बघितलं तर त्यात थोडं खरंही होतं. आम्ही चुकीचं लिहिलं नसतं तर मराठे आलेच नसते, मराठे आले नसते तर तिला कुणी तोंडी विचारलंच नसतं. पण तिनं पहिल्यांदाच खरं लिहिलं असतं तर? या दोन वाक्यांमध्ये मी बारा वर्षं येरझाऱ्या घालतोय. पुढं विद्यापीठाचा अहवाल आला. त्यात आमचं कॉलेज समाधानी विद्यार्थ्यांचं कॉलेज म्हणून नावाजलं होतं. प्राचार्यांनी तो स्नेहसंमेलनात वाचून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या आणि वाजवताना माझे हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटले.

पण ते पुढचं. त्या मार्चमध्ये शेवटच्या आठ दिवसांचे तास उरले होते आणि टर्म न मिळालेल्यांची यादी फळ्यावर लागली. आमची कंपनी साडेचारला सुटायची, मी सायकल हाणत कॉलेजात आलो आणि यादी बघितली. चार नावं. तिसरं तिचं. उरलेले सगळे तास धरूनही सात कमी.

मी तसाच स्टाफरूममध्ये घुसलो. कारखानीस सर एकटेच होते, समोर हजेरीची वही.

"सर, सात तासच."

"मला माहीत आहे. मीच मोजले. तीनदा."

"मागचे लावता येणार नाहीत?"

"ज्या वेळेला मी माणूस पाहिलाच नाही, त्या वेळेची हजेरी मी कशी लावू?" सर म्हणाले. मग एकदम वैतागून, "पण मला कुणी सांगितलं का नाही? वर्षभर?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

"युनिव्हर्सिटीनं विचारलं होतं की! लेखी विचारलं होतं!"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं लांबलचक, कबुलीजबाबाचं उत्तर होतं. तीन अंकी नाटकं पाठ असलेल्या माणसाला ते एक वाक्य म्हणता आलं नाही. मी सायकल काढली.

भोसरीच्या त्या फाटकावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. पुरुष भराभर बाहेर पडत होते, बायकांची रांग आत थांबलेली. तेव्हा मी ती झडती पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. एक बाई डब्याचं झाकण उघडते, वास घेतल्यासारखं बघते, बंद करते. पुढची. ऊन तिरकं झालेलं, सगळ्यांच्या पायाशी लांब सावल्या, आणि रांग सरकत होती सावलीच्याच वेगानं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. आधी प्रस्तावना, मग बातमी, मग माफी. मधे एखादा सुस्कारा.

इंदूताई बाहेर आल्या. मला बघून थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना बहुतेक सगळं कळलं.

"बोला की. एरवी तोंड थांबत नाही तुमचं."

"यादी लागली."

"हं."

"टर्म नाही."

"कितीनं?"

"सात."

त्यांनी दोन बोटांनी डोळे दाबले. मग पिशवी खांद्यावर सरळ केली.

"इंदूताई, त्या कागदावर मी तुम्हाला जे लिहायला..."

"ते मी लिहिलं, भाऊ. पेन माझ्या हातात होतं," त्या म्हणाल्या. "आता एक वर्ष तार. दुसरं काय." आणि झपाझप चालू लागल्या.

"कुठं निघालात?"

"बस चुकेल ना. इंग्रजीचा तास आहे आज."

"अहो, पण टर्म गेली! आता हजेरी लागून काय उपयोग?"

"टर्म गेली. तास कुठं गेलाय?"

बस आली, त्या चढल्या. मी सायकलवर मागून निघालो. आधी बसच्या बरोबरीनं, मग धुराच्या मागून, मग एकटाच. पुढच्या मार्चमध्ये त्या परीक्षेला बसल्या आणि पासही झाल्या. पण ते त्या संध्याकाळी दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर एवढंच ठाऊक होतं की पाय दुखतायत आणि पायडल मारणं थांबवायची लाज वाटतेय.

मी वर्गात पोचलो तेव्हा तास अर्धा झाला होता. माझ्या आयुष्यातला पहिला उशीर. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकाकडे बोट केलं. इंदूताई शेवटच्या बाकावर पुस्तक उघडून बसल्या होत्या, ओळीखाली बोट सरकवत. तास संपला. सरांनी वही उघडली आणि एकेक नाव घ्यायला लागले.

"मिस सोनवणे."

"येस सर."

सरांनी खूण करायला पेन टेकवलं. शाई उमटली नसावी. त्यांनी पेन झटकलं, आणि पुन्हा, जरा जोर देऊन, खूण केली.